चिठ्ठी बसवंतच्याच हाती द्यावी

नांदेड,
३ सप्टेंबर १९८६

प्रिय सिद्धलिंग,

सलाम. पत्र घाईत लिहितो आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस.

मस्कतहून तार आली. आपला जिलानी इमारतीला रंग देताना चौथ्या मजल्यावरून पडला. दवाखान्यात आहे. काल कंपनीच्या मुंबईच्या एजंटाचा माणूस घरी येऊन तिकीट देऊन गेला. आईबापांपैकी एकानं ताबडतोब यावं, असा निरोप. साध्या मजुराच्या बापाला कुठली कंपनी विमानाचं तिकीट देते? मी काय ते समजलो. हलीमाला मात्र सांगितलं, की पाय मोडलाय, घाबरण्यासारखं नाही.

हजला जायचं म्हणून दोन वर्षांपूर्वी पासपोर्ट काढून ठेवला होता. तो असा कामी येईल असं वाटलं नव्हतं. गुरुवारी, ११ तारखेला संध्याकाळचं विमान आहे. तुझ्या बसवंतला ज्या विमान कंपनीत नोकरी लागली, त्याच कंपनीचं. मी आयुष्यात कधी विमानतळ पाहिलेला नाही. चौतीस वर्षं पोरांना 'विमानाचा प्रवास' या विषयावर निबंध लिहायला लावले, एवढाच माझा विमानाशी संबंध. बसवंतला दोन ओळी कळवशील का? माझं फक्त हे विमान चुकायला नको.

तुझा,
दस्तगीर

---

उदगीर,
६ सप्टेंबर १९८६

दस्तगीर मास्तरांस सिद्धलिंगचे शरणार्थ.

तुझं पत्र वाचल्यापासून उमादेवी देवघरापुढं बसली आहे, उठायला तयार नाही. माझा पाय प्लास्टरमध्ये. आडतीत तुरीच्या पोत्यांची थप्पी घसरली आणि नेमका मीच खाली सापडलो. नाहीतर मुंबईपर्यंत मी तुझ्यासोबत आलो असतो, हे तुला सांगायला पाहिजे का?

पण काळजी करू नकोस. बसवंत तिथं तिकीट बघायच्या काउंटरलाच असतो. आता टपालानं पत्र टाकलं तर त्याला वेळेत मिळेल याची खात्री नाही, म्हणून त्याच्या नावाची चिठ्ठी या पाकिटात घालतो. वर लिहिलंय, 'बसवंतच्याच हाती द्यावी'. तू तोंडानं काही सांगत बसू नकोस, कुणाला विनवू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, जिलानीचं नाव काढलंस की तुला बोलवणार नाही. त्याच्या हातात चिठ्ठी ठेव आणि तो सांगेल तिथं गप बस. बाकीचं तो बघेल. माझा पोरगा हाय!

आणि माझा एकट्याचा कुठे? नांदेडला कॉलेजची दोन वर्षं तुझ्या घरात राहिला. या लिंगायताच्या पोरासाठी वहिनीनं त्या दोन वर्षांत घरात मटण शिजू दिलं नाही. तवा वेगळा, भांडी वेगळी. जिलानी बिचारा स्टेशनाजवळच्या हॉटेलात चोरून खाऊन यायचा आणि बसवंतला म्हणायचा, "तुज्यापायी बाप्पा, मी अर्धा जंगम झालो."

इकडे पावसाचं नाव नाही. नवा जिल्हा होऊन चार वर्षं झाली. लातूरला कलेक्टर मिळाला, कचेरी मिळाली, पाणी तेवढं उस्मानाबादकडंच राहिलं म्हणायचं. पण विहिरीत ओंजळभर पाणी असलं तरी मार्गशीर्षातल्या अवसेला शेतात पूजा-जेवण होणार, येळवस चुकणार नाही. जिलानीला घेऊन ये. काठी टेकत आला तरी चालेल, शेतात अंबील प्यायला पाय लागत नाहीत.

तुझा,
सिद्धलिंग

---

नांदेड,
४ ऑक्टोबर १९८६

प्रिय सिद्धलिंग,

जिलानी गेला.

शुक्रवारी पहाटे गेला आणि मी रविवारी पोचलो. आमच्यात मयत थांबवत नाहीत. शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर त्याला दफन केलं. मी तीन मुठी माती टाकली, ती आधीच वाळलेल्या मातीवर पडली.

त्याच्या खोलीत केरळचा एक मुलगा राहतो. तो गुरुवारी रात्रभर त्याच्याजवळ होता. जिलानी शुद्धीवर होता म्हणे. अब्बा गुरुवारी रात्री उतरणार, हे त्याला सांगितलेलं होतं. बाहेर गाडी वाजली की विचारायचा, "अब्बा का विमान उतरा क्या?" तो मुलगा दरवेळी सांगायचा, उतरलं, रस्त्यात आहेत.

गुरुवारचं विमान मला मिळालं नाही. गर्दी होती. असं होतं म्हणतात. पुढचं विमान रविवारी मिळालं.

बसवंत भेटला. तब्येत सुधारली आहे, निळा कोट त्याला शोभतो. तुझी चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

हलीमा दिवसभर जिलानीचे शर्ट धुते, वाळवते, पुन्हा धुते. पाणी दोन दिवसांआड येतं, तरी मी तिला काही म्हणत नाही.

विमानाबद्दल पुन्हा विचारू नकोस.

दस्तगीर

---

उदगीर,
२० ऑक्टोबर १९८६

प्रिय दस्तगीर,

तुझं पत्र आल्यापासून रोज कागद पुढं घेतो आणि तसाच ठेवतो. जिलानीला मी खांद्यावर बसवून हुरडा खाऊ घातलाय रे. काय लिहू?

बसवंतला कळवलं. त्याचं उत्तर नाही. त्याचाही हात चालत नसेल.

तू विचारू नकोस म्हणालास, पण मला विचारायलाच पाहिजे. काल बागवान गल्लीतला मौला दुकानात आला होता, तो चपलावाला. भावाकडं महिनाभर मस्कतला गेला होता. तोही त्याच गुरुवारी विमानतळावर होता. म्हणाला, "अप्पा, आमची अकरा मान्सं बाजूला काढली. अकराच्या अकरा मुसलमान. कागद बघायचेत म्हणले आन कुनी बघितले न्हाईत."

मी आधी त्यालाच झापलं. म्हटलं, "तुज्या कागदात काही खोट आसल. सरकारी कायदा आसतो, सगळ्यांनाच थांबिवतेत." तो म्हणाला, "माज्या म्होरल्या शेटजीचा कागद तर उघडून बी बघितला न्हाई, अप्पा. हसून सोडलं त्येला." मग मी त्याच्यासाठी चहा सांगितला. तुला 'असं होतं म्हणतात' हे ज्यानं शिकवलं, तोही माझ्यासारखाच कुणी असेल.

मौला म्हणाला, सहा-सात जणांनी आरडाओरडा केला तेव्हा त्यांना चढवलं. तुला त्यानं हाताला धरून सांगितलं, "मास्तर, उठा, वरडल्याबिगर काम व्हनार न्हाई." तू मान हलवलीस आणि बसून राहिलास. अरे, का नाही उठलास? वर्गात पोरगं बोललं तर छताला हादरा बसेल असा तुझा आवाज, तो त्या दिवशी कुठं गेला?

काउंटरवर कोण होता त्याचं नाव सांग. नाव माहीत नसेल तर तोंडवळा सांग. मी कंपनीला लिहितो, पेपरात देतो. बसवंतला चिठ्ठी मिळेपर्यंत उशीर झाला असेल, पण तो आत आहे, दोन दिवसांत त्याला हुडकून काढील. तुझ्या पोराचा शेवटचा शब्द ज्यानं हिरावला, त्याला मी तिथं राहू देणार नाही.

सिद्धलिंग

---

नांदेड,
२ नोव्हेंबर १९८६

प्रिय सिद्धलिंग,

दिवाळीच्या दिवशी हे लिहू नये. पण तू ऐकणार नाहीस, म्हणून एकदाच लिहितो. यानंतर हा विषय बंद.

रांगेत मी वेळेच्या दोन तास आधी उभा होतो. काउंटरवरच्या मुलानं यादीवर बोट ठेवून नावं वाचली आणि ज्यांची वाचली त्यांना भिंतीकडच्या बाकांवर बसायला सांगितलं. योगायोग असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण मी जन्मभर हजेरी घेतली आहे, सिद्धलिंग. बोट यादीवर कसं उतरतं आणि कुठली नावं ओलांडून जातं, हे मला दुरून कळतं. अकरा नावं झाली. अकरावं माझं.

मुलगा मला हळूच म्हणाला, "बसा, मी येतो." मग मी बसलो.

तू विचारतोस, का नाही उठलास. तो येतो म्हणाला होता, म्हणून नाही उठलो. मौला ओरडत होता, दुसरे ओरडत होते. मला वाटलं, मी ओरडलो तर त्या मुलाची नोकरी अडचणीत येईल. तो येणारच आहे, मग कशाला? आम्ही चार जण शेवटपर्यंत गप्प बसलो आणि आम्हीच राहिलो. जागा भरल्या, असं एका बाईनं येऊन सांगितलं. तोवर काउंटरवरचा दिवा बंद झाला होता.

एकदा उठून मोठ्यानं म्हणायचं होतं, माझा मुलगा मरतो आहे. तेवढं म्हटलं असतं तर कदाचित कुणीही सोडलं असतं. पण तेच वाक्य तोंडातून निघत नव्हतं. म्हटलं की ते खरं होईल, असं वाटत होतं.

त्या मुलाचं नाव मला विचारू नकोस. बसवंत तेव्हा दुसरीकडे कामात होता, त्याला यात ओढू नकोस. तक्रार करून मला काय मिळणार? तो मुलगा कुणाचा तरी असेल. त्याचा बाप गावाकडं त्याच्याबद्दल अभिमानानं बोलत असेल. एका बापाचं घर बसलं, दुसऱ्याचं तरी राहू दे.

वहिनींना सलाम. पाय सांभाळ.

दस्तगीर

---

मुंबई,
२४ नोव्हेंबर १९८६

काका,

तुम्हाला काका म्हणायचा हक्क राहिला आहे की नाही माहीत नाही. दुसरं काय म्हणावं ते सुचत नाही.

अप्पांनी तुमचं पत्र मला पाठवलं. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, 'बसवंत, हा पोरगा कोण ते हुडकून काढ आणि मला नाव कळव.' ते पत्र पंधरा दिवस माझ्या उशाखाली आहे. काल अप्पांना नाव कळवलं. आज तुम्हाला लिहितो.

आमच्या साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की या नावांची माणसं बाजूला काढायची आणि शेवटी बघायची. जागा उरल्या तर चढवायचं. कुठे लिहिलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर कागद तपासतोय म्हणायचं. काका, मी खोटं लिहीत नाही, तुमच्या आधी तीन महिने मी हे रोज करत होतो. वाईट वाटायचं, मग सवय झाली. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. त्या दिवशी बोट खाली आणता आणता तुमचं नाव आलं. साहेब मागेच उभे होते. एक नाव गाळलं तर ते विचारतील, या भीतीनं मी ते वाचलं.

तुम्ही चिठ्ठी दिलीत. मी ती न उघडता खिशात टाकली. मला वाटलं, अप्पांचं नेहमीचंच असेल, खिडकीजवळची जागा दे, चहा पाज. तुम्ही जिलानीला भेटायला हौसेनं निघालात, असंच मी समजलो. तुम्हीही काही बोलला नाहीत. साहेबांनी विचारलं, "कोण आहे हा तुझा?" मी म्हणालो, "कुणी नाही." तुम्ही लांब बाकावर होता, तुम्हाला ऐकू गेलं नसेल. माझ्या कानातून मात्र ते जात नाही.

मी येणार होतो. मग मला दुसऱ्या दाराशी पाठवलं. तिथून परत यायला मला कुणी अडवलं नव्हतं. तुमच्या समोर यायची लाज वाटली. उद्याच्या विमानानं जातील, असं मनाला सांगितलं आणि मागच्या जिन्यानं निघून गेलो.

जिलानी गेल्याचं अप्पांचं पत्र आलं, तेव्हा ती चिठ्ठी उघडली. सोबत पाठवतो आहे. तुमच्या घरात मी दोन वर्षं जेवलो.

बसवंत

(सोबतची चिठ्ठी)

*बसवंत, जिलानीचं काही खरं नाही असं वाटतं. मास्तर तोंडानं सांगणार नाहीत. तू काही विचारू नकोस. त्यांना सगळ्यांच्या आधी आत सोड. — अप्पा*

---

उदगीर,
१४ डिसेंबर १९८६

दस्तगीर,

कुठल्या तोंडानं लिहू?

दुसऱ्याचं पोरगं समजून मी फाशीची भाषा करत होतो आणि तू माझं घर झाकत होतास. 'त्याचा बाप अभिमानानं बोलत असेल.' तो बाप मी. हे वाक्य मी तुझ्या पत्रात वाचलं, मोठ्यानं उमादेवीला वाचून दाखवलं आणि म्हणालो, बघ, मास्तराचं मन किती मोठं. कळलं नाही मला.

आणि 'गप बस' असं तुला कुणी लिहिलं? मीच. चिठ्ठी बंद करून वर गोंद कुणी लावला? मीच. उघडी दिली असती तर तूच पुढं धरली असतीस, कुणीतरी वाचली असती. मला शहाणपण दाखवायचं होतं.

बसवंत नोकरी सोडून घरी आला आहे. मी हात उचलला होता. तो मान खाली घालून उभा राहिला. मग माझाच हात खाली आला. तेव्हापासून आम्ही एका घरात राहतो आणि बोलत नाही.

३१ तारखेला येळवस आहे. ज्वारी जळाली, पांडवांवर खोपटासारखी कोप घालायला शेतात कडबा नाही. तरी पाच दगडांचे पांडव मांडणार, भाज्यांची भज्जी शिजणार, अंबील होणार. तीस वर्षं तू आल्याशिवाय आमच्या शेतात कुणी घास घेतलेला नाही, हे तुला माहीत आहे. तुझी गाडी उशिरा यायची आणि बसवंत लहानपणी देगलूर रस्त्यावर, आपल्या शेताच्या वाटेला बाभळीखालच्या दगडावर तुझी वाट बघत बसायचा. यंदाही तो तिथंच बसणार म्हणतो. "काका येईस्तोवर मी उठनार न्हाई," एवढंच एक वाक्य तो आल्यापासून माझ्याशी बोलला.

माफ कर, असं मी लिहीत नाही. तेवढी माझी लायकी नाही. फक्त ये.

सिद्धलिंग

---

नांदेड,
१ जानेवारी १९८७

प्रिय सिद्धलिंग,

काल मी उदगीरला आलो होतो.

सकाळच्या गाडीनं आलो. गावात शुकशुकाट होता, येळवशीला तसा असतोच, सगळी माणसं शेतावर. फक्त मौलानं दुकानाची एक फळी उघडी ठेवली होती. तिथं पाणी प्यालो आणि चालत निघालो.

हलीमाला मी काही सांगितलेलं नाही. बसवंतचं पत्र आलं तेव्हा तिनं विचारलं, पोरगं काय म्हणतंय? मी म्हणालो, तुझी आठवण काढतो. तिला मराठी वाचता येत नाही, हे त्या दिवशी बरं वाटलं. तर काल पहाटे उठून तिनं त्याच्यासाठी शेंगाच्या पोळ्या केल्या. त्याच वेगळ्या तव्यावर. तो तवा तिनं अजून मटणाच्या भांड्यांत जाऊ दिलेला नाही. डबा फडक्यात बांधून दिला आणि म्हणाली, "एक बेटा गया, दूसरा तो है."

बाभळीपासून शंभर पावलांवर मी थांबलो. बसवंत दगडावर बसला होता. पाठ माझ्याकडं, तोंड रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला. लहानपणी बसायचा तसाच, गुडघ्याभोवती हात घालून. पलीकडे तुमचा धूर दिसत होता. माणसं गोल बसलेली दिसत होती, जेवत कुणी नव्हतं.

माझा राग कधीच संपला, सिद्धलिंग. शपथेवर सांगतो. पोर घाबरलं, त्याला घाबरवणारे दुसरे होते. मी पुढं जाऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवणार होतो. गाडीत बसून तेच ठरवलं होतं. पण पाय उचलेना. त्याला वाटतं, मी लांब होतो, मला ऐकू गेलं नसेल. मला ऐकू आलं होतं. 'कुणी नाही.' ते ऐकूनही मी बसून राहिलो, हे कुणालाच माहीत नाही. मला वाटलं, साहेबापुढं म्हणाला असेल, येईल, आपलाच आहे. जिलानी तिकडं गाड्या मोजत होता आणि मी इकडं बसवंतची वाट बघत होतो. जिलानी थांबेल, बसवंत येईल, असा दोन्ही पोरांवर माझा सारखाच विश्वास होता, एवढीच माझी चूक झाली.

काल त्याच्यामागं उभा होतो तेव्हा कळलं, की माफ करणं वेगळं आणि समोर बसून एका पानात जेवणं वेगळं. पहिलं मला जमलं. दुसरं या जन्मात जमेल असं वाटत नाही. तुझ्यासाठी जमवायला पाहिजे होतं. नाही जमलं. मी दुपारच्या गाडीनं परत आलो. हलीमाला सांगितलं, सगळे पोटभर जेवले.

डबा मौलाच्या दुकानात ठेवला आहे. पोळ्या बसवंतनं खाव्यात. डबा धुऊन पाठव, नाहीतर ती विचारत राहील.

तुझं पत्र येत राहू दे. मी उत्तर देईन. पण येळवशीला माझी वाट बघू नका, पहिला घास वेळेवर घ्या.

आणि एक कर. हे पत्र मिळेल तेव्हा तो बाभळीखाली बसलेला असेल किंवा नसेल, तुझ्या घरात तो बसलेलाच आहे. येणार म्हणून सांगितलेल्या माणसाची वाट बघत बसणं काय असतं, ते मला माहीत आहे. मला मौला हाताला धरून उठा म्हणाला, मी ऐकलं नाही. बसवंत तुझं ऐकेल. त्याच्याशी बोल. त्याला म्हणावं, काका येणार नाहीत, ऊठ.

तुझा,
दस्तगीर